खुरपे कोणाच्या हाताचे?



अपंगांचा प्रश्न कार्यकर्त्यांच्या बैठकीत निघतो तेव्हा तो बहुधा तीन शब्दांत आटोपतो : प्रमाणपत्र, निवृत्तिवेतन आणि आरक्षण. हे तिन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांच्यासाठी अपंगांना वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले आहेत. आजचा विषय त्यांच्या तुलनेने फारच लहान वाटेल. तो घरामागच्या चार वाफ्यांचा आहे. अपंग माणसाला भाजी लावावीशी वाटते, एखादे फुलझाड जोपासावेसे वाटते. ते मनासारखे जमत नाही म्हणून तो चिडतो, खचतो आणि एके दिवशी घराचे मागचे दार लावून घेतो, एवढाच तो विषय. महागाई आणि बेकारी सोडून वांगी-मिरच्यांची ही चर्चा कशाला, असे कोणाला वाटले तर ते स्वाभाविक आहे. परंतु श्रम, हत्यार आणि माणूस यांचे नाते हा समाजवादी विचाराचा जुना विषय, आणि हे नाते कोठे तुटते ते पाहायला कारखान्याइतकीच परसबागही उपयोगी पडते.

उदाहरणादाखल एक माणूस डोळ्यांसमोर आणावा. कोकणातल्या एखाद्या गावचा निवृत्त प्राथमिक शिक्षक. उजव्या अंगावरून वारे गेले आहे. औषधपाणी झाले, व्यायाम झाले. आता काठीच्या आधाराने तो चालतो, पण उजव्या हाताची बोटे मिटली आहेत ती पुरती उघडत नाहीत. घरामागे न्हाणीच्या पाण्यावर अळू आहे, दोन केळी आहेत, पावसाळ्यात पडवळ-दोडक्यांचा मांडव असतो, थंडीत मुळा, माठ आणि मिरची. तीस-पस्तीस वर्षे शाळा सुटल्यावरचा त्याचा वेळ या तुकड्यात गेला. आता वेळ भरपूर आहे आणि तुकडा तेवढाच आहे. नेमके आताच त्याला तो आवरत नाही.

आवरत नाही म्हणजे काय? खुरपे हे उकिडवे बसून चालवायचे हत्यार आहे. या माणसाला उकिडवे बसता येत नाही. बसलाच तर कोणी हात दिल्याशिवाय उठता येत नाही. पाटावर बसावे तर पाट ओल्या मातीत कलतो, स्टुलावर बसावे तर हात जमिनीला पोचत नाही. झारी भरून नेण्याचे गणित याहून कठीण. त्याला एकच हात आहे आणि काठी आणि झारी यांतले एकच त्या हाताला धरता येते. काठी धरली तर पाणी जात नाही, झारी धरली तर तो जात नाही. बियांची पुडी दातांनी फाडावी लागते आणि निम्मे बी पायाशी सांडते. वेल मांडवावर चढवायला सुतळीची गाठ मारायची, तर गाठ ही दोन हातांची विद्या आहे. तण उपटताना माणूस नकळत आपल्या अंगाचा भार मागे टाकतो. ज्याला स्वतःचा तोल काठीवर सांभाळायचा आहे त्याने तो भार टाकायचा कोठे?

यात आणखी एक गोष्ट आहे, जी अपंग नसलेल्याच्या सहसा ध्यानात येत नाही. बागेचे काम थांबून राहत नाही. कचेरीतला कागद दोन दिवस पडून राहिला तर तो तसाच पिवळा राहतो. मृगाचा पाऊस पडल्यावर तण दोन दिवस थांबत नाही, काकडीचा कोंब भलतीकडे वळायचा थांबत नाही, दोडका जून व्हायचा थांबत नाही. आजारी किंवा अपंग शरीराचे मात्र चांगले दिवस आणि वाईट दिवस असतात आणि ते पंचांग पाहून येत नाहीत. अंग हलके वाटते त्या दिवशी नेमकी पावसाची झड लागते. उघडीप मिळते त्या दिवशी पाय उचलत नाही. आठवड्याच्या कामात असे तीन दिवस गेले की पुढचे सारे वेळापत्रक कोसळते आणि वाफ्यात रोप कोणते आणि तण कोणते हे ओळखू येईनासे होते. ही चीड दुःखापेक्षा वेगळी असते. दुःख माणूस पचवतो. आपल्याला जे पुरते येते, ज्यातली खाचखोच ठाऊक आहे, तेच समोर बिघडताना बघत बसावे लागले की माणूस आतून कडवट होतो.

आणि मग येते घरच्यांची माया. "बाबा, तुम्ही राहू द्या, मी करतो," असे मुलगा म्हणतो. तो खरोखरच करतो. रविवारी अर्ध्या तासात वाफा साफ करून टाकतो आणि तणाबरोबर माठाची कोवळी रोपेही उपटून टाकतो. बाबा कडेला उभे राहून सांगतात : तिकडे नको, इकडे, मुळाशी नको, जरा अंतरावर. सांगून काम करून घेणे हे स्वतः करण्याहून दमवणारे असते, आणि सांगितलेले ऐकणे हे ऐकणाऱ्यालाही दमवते. दोन-तीन रविवारांत दोघांचेही डोके तापते. पुढल्या वर्षी घरात ठराव होतो की भाजी बाजारात मिळते, मागच्या जागेत फरशी घालून टाकू. कोणीही वाईट वागलेले नसते. तरीही एका माणसाच्या हातून त्याचे काम गेलेले असते, आणि ते काढून घेणाऱ्याचे त्याने आभार मानावेत अशी अपेक्षा असते.

घरातल्या बाईच्या बाबतीत हे "राहू द्या" कसे वापरले जाते तेही पाहण्यासारखे आहे. संधिवाताने बोटे वाकडी झालेली बाई पहाटे उठून भांडी घासते, पीठ मळते, पिळे घट्ट पिळून कपडे वाळत घालते. त्या वेळी कोणी तिला राहू द्या म्हणत नाही. दुपारी ती शेवंतीची रोपे लावायला मागे गेली की सर्वांना तिच्या बोटांची आठवण होते. जे काम घराला लागते तेथे व्यंग दिसत नाही. जे काम तिला स्वतःला हवे असते तेथे ते दिसते. विश्रांतीचा सल्ला कोणत्या वेळी दिला जातो, यावरून कुटुंबातले अर्थकारण कळते.

चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचा प्रश्न आणखी निराळा. मऊ मातीत चाक रुतते आणि वाफा त्याच्या पावलांच्या पातळीवर असतो. अंधाला रोप आणि तण स्पर्शाने व वासाने ओळखता येते, परंतु ओळी सरळ आणि अंतरे ठरलेली असतील तरच. दुसऱ्या कोणी येऊन पाट बदलला की त्याचा नकाशा पुसला जातो.

येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी एक आक्षेप घेईल. या शिक्षकाची भाजी वर्षाकाठी जेवढ्या रुपयांची होते, त्याहून मदतनिसाची मजुरी जास्त होईल. तेव्हा त्याने बाग सोडावी हेच किफायतीचे नाही काय? हिशेब बरोबर आहे, पण तो अर्धा आहे. राष्ट्रीय उत्पन्नाची जी पद्धत जगभर मान्य आहे तिच्यात घरच्या उपयोगासाठी परसात पिकवलेली वांगीसुद्धा उत्पादन म्हणून धरतात (त्याच वांग्यांची भाजी शिजवणे मात्र उत्पादनात धरीत नाहीत, हा त्या पद्धतीचा विनोद सोडून देऊ). म्हणजे बाग सोडली की देशाचे उत्पन्न चिमूटभर घटते. पण त्या माणसाचे काय घटते हे त्या वहीत नाही. अमर्त्य सेन यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द आयडिया ऑफ जस्टिस' या ग्रंथात अपंगत्वाचे दोन भाग केले आहेत. अपंगाला मिळवणे कठीण जाते हा पहिला. मिळालेल्या पैशाचे जगण्यात रूपांतर करणे त्याला कठीण जाते, हा दुसरा. त्यांनी वीबके कुक्लिस या संशोधिकेच्या ब्रिटनविषयीच्या अभ्यासाचे आकडे दिले आहेत. तेथे एकंदर १७.९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांत होते. ज्या कुटुंबात कोणी अपंग आहे तेथे हे प्रमाण २३.१ टक्के होते. आणि रूपांतराची ही अडचण हिशेबात धरली तर ते ४७.४ टक्क्यांवर गेले. पहिल्या दोन आकड्यांतले अंतर आपल्याला दिसते, त्यावर योजना निघतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांतले अंतर घराच्या मागल्या दाराआड असते. तेच खुरपे, तीच जमीन, तेच बी. एकाच्या हातात त्याची भाजी होते, दुसऱ्याच्या हातात होत नाही.

मग दोष हाताचा की खुरप्याचा? १९७६ साली ब्रिटनमधल्या अपंगांच्याच एका संघटनेने या प्रश्नाचे रोखठोक उत्तर दिले. त्यांनी शरीरातले व्यंग आणि समाजाने लादलेले पंगुत्व यांत भेद केला. पाय नसणे हे व्यंग. पायऱ्यांशिवाय दुसरी वाटच न ठेवणे हे पंगुत्व. पुढे जगभरच्या चळवळींनी हा विचार उचलला. त्यात पुष्कळ तथ्य आहे. तथापि तो ताणूही नये. सांध्यांची वेदना भांडवलशाहीने निर्माण केलेली नाही आणि ती कोणत्याही ठरावाने जाणार नाही. अर्धांगवायू झालेला माणूस पूर्वीइतके काम करील असे कोणी सांगत असेल तर तो त्याची फसवणूक करतो. प्रश्न एवढाच की जे त्याच्या हातून होऊ शकते तेवढे तरी होऊ द्यायला हत्यार आणि व्यवस्था अनुकूल आहेत काय.

हत्याराच्या दांड्याची लांबी हा राजकारणाचा विषय होऊ शकतो, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात घडले. तेथे बीट आणि लेट्यूस या पिकांची विरळणी मजूर आखूड दांड्याच्या कुदळीने करीत. दांडा फूट-दीड फुटाचा. दिवसभर कंबरेत वाकून काम. मेक्सिकन मजूर तिला 'एल कोर्तितो', म्हणजे आखुडशी, म्हणत. लांब दांड्याची कुदळ काही अज्ञात वस्तू नव्हती. पण आखूड दांड्याने काम नेटके होते असे बागायतदारांचे म्हणणे. शिवाय मुकादमाला लांबूनही दिसे की कोण उभा आहे, म्हणजे कोण काम करीत नाही. या कुदळीने हजारो पाठी कायमच्या मोडल्या. सेसार चावेझ यांनी ती स्वतः चालवलेली होती आणि पाठदुखी त्यांना जन्मभर पुरली. त्यांची संघटना आणि गरिबांसाठी काम करणारे वकील यांनी लढा दिला. १९७५ च्या जानेवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी आखूड दांड्यावर बंदी आली. लेट्यूस पिकायचे काही थांबले नाही.

आपल्याकडचे खुरपे हे 'एल कोर्तितो'चेच भावंड आहे. ते चालवणाऱ्या बहुसंख्य बाया आहेत, आणि त्यांच्या पाठी-गुडघ्यांची गणना कोणी केलेली नाही. म्हणजे आखूड मूठ धडधाकट माणसाला हळूहळू अपंग करते आणि जो आधीच अपंग आहे त्याला बागेबाहेर ठेवते. ती बदलता येत नाही असेही नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबा काढण्यासाठी 'नूतन झेला' तयार केला. बांबूच्या टोकाला लावलेल्या त्या झेल्याने जमिनीवर उभे राहून देठासह आंबा उतरवता येतो. देशावर जुन्या सायकलच्या चाकाचे कोळपे लोकांनीच घडवले, ते उभ्याने ढकलता येते. पाभरीचे चाडे तर शेकडो वर्षांचे आहे : उभ्याने मूठ सोडायची आणि नळ्यातून बी नेमके जमिनीत जायचे. ज्या शेतकऱ्याने चाडे शोधले त्याच्या वंशजाला अपंग शिक्षकासाठी काठीला बांधलेली एक पोकळ नळी आणि वर एक नरसाळे सुचू नये, हे बुद्धीच्या अभावाने घडत नाही. तशी मागणी कोणी केलेली नसते म्हणून घडते.

मागणी समोर बसून ऐकली तर काय होते, हे जयपूरने दाखवले. साठीच्या दशकात तेथल्या सरकारी इस्पितळात पाय गमावलेल्यांना परदेशी धर्तीचे कृत्रिम पाय मिळत. ते बुटात घालायचे होते. त्यांनी उकिडवे बसता येत नसे, चिखलात उतरता येत नसे. शेतकरी ते पाय घरी नेऊन कोपऱ्यात ठेवीत. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून रबराचा जो पाय तयार केला, तो अनवाणी चालतो, पाण्यात भिजतो आणि मांडी घालू देतो. कारागीर फारसा शिकलेला नव्हता. पण पाय कशासाठी हवा आहे हे त्याला ठाऊक होते.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे आहे. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर १९५१ साली बाबा आमट्यांनी आनंदवन सुरू केले तेव्हा तेथे विहीर खणणारे आणि भाजी पिकवणारे हात कुष्ठाने बधिर झालेले होते. बधिर हाताची अडचण वेदनेची नसते, वेदना नसण्याची असते. दांड्याने तळहात सोलून निघाला तरी ज्याचा हात त्याला कळत नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी याच गोष्टीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला : बोटे रोगाने थेट झडत नाहीत, न कळलेल्या जखमांनी झिजतात. म्हणून अशा माणसाला जाड, गुळगुळीत मूठ लागते आणि संध्याकाळी तळहात डोळ्यांनी तपासायची सवय लागते. आनंदवनात भाजी उत्तम पिकली. गावातले लोक प्रथम ती घ्यायला तयार नव्हते, हेही विसरून चालणार नाही. हत्यार जुळले, जमीन वळली, आणि बाजार अडला.

आता आपल्या कायद्यांकडे वळू. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, तर्जनी गेली तर १४, मधले बोट १२, उरलेली दोन प्रत्येकी ७. (या सर्वांची बेरीज ७० होते, पण सारीच बोटे एकदम गेली तर भरपाई ६० टक्क्यांचीच.) गेलेल्या बोटांचा हा इतका बारीक हिशेब आहे. उरलेल्या बोटांना कोणती मूठ धरता येईल याचे परिशिष्ट कोणत्याही कायद्याला नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या ३७ व्या कलमात शेतजमिनीच्या वाटपात पाच टक्के राखीव ठेवण्याची आणि त्यात स्त्रियांना अग्रक्रम देण्याची तरतूद आहे. उत्तम आहे. पण जमीन मिळालेल्या बाईने ती कोणत्या अवजाराने कसावी? २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा हाताने चालवायच्या खुरपे-कुदळींवर कर शून्य ठेवला गेला आणि चाकाच्या खुर्चीवर पाच टक्के लावला गेला. अपंगांना 'दिव्यांग' म्हणण्याची सूचना २०१५ च्या डिसेंबरात खुद्द पंतप्रधानांकडून आली आणि फलक झपाट्याने बदलले. फलकाचे रंगकाम मुठीपेक्षा स्वस्त पडते.

२०११ च्या जनगणनेने देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंग मोजले, त्यांतले सुमारे एक कोटी शहाऐंशी लाख खेड्यांत राहणारे. महाराष्ट्रातली संख्या २९ लाखांहून अधिक होती. यांतल्या कितीजणांना परस आहे आणि कितीजणांनी त्याचे दार लावून घेतले आहे हे शिरगणतीत विचारत नाहीत. ते गावातल्या कार्यकर्त्यालाच विचारता येईल.

आणि विचारायला जागाही आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. पुष्कळ ठिकाणी ही रक्कम वर्षातून एकदा सारखी वाटून टाकतात. प्रत्येकाच्या हातावर काही शे रुपये पडतात आणि छायाचित्र निघते. ती रक्कम कोणाची अडवावी असे येथे सुचवायचे नाही. गरिबाला रोख पैशाचा उपयोग असतोच. परंतु ग्रामसभेत एवढे विचारता येईल की त्यातला काही भाग मागेल त्याला अवजारासाठी का देऊ नये. चार फुटी दांड्याचे खुरपे, कोपराखाली पट्ट्याने बांधता येईल असा आधार, बसून काम करण्याचा रुंद पायांचा स्टूल, जांभ्या चिऱ्यांचे तीन थर रचून उचललेला एक वाफा. खुर्चीतल्या माणसाला मात्र खाली गुडघे जातील असा, टेबलासारखा वाफा हवा. उचललेला वाफा लवकर सुकतो आणि ज्याला पाणी वाहता येत नाही त्याच्यापुढे तीच पहिली अडचण नव्याने उभी राहते; म्हणून त्यात एक भाजलेला मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरावा, तो दोन-तीन दिवसांनी कोणी भरला तरी माती ओल धरते. मुलाच्या मदतीचा खरा उपयोग येथे आहे. पाणी त्याने भरावे, तण बाबांचे बाबांना काढू द्यावे.

अवजार दुकानातून आणून वाटू नये. प्रत्येकाचे व्यंग निराळे आणि म्हणून मूठ निराळी. माणसाला स्वतःला लोहाराच्या भात्यापुढे नेऊन बसवावे, त्याची मिटलेली बोटे लोहाराने हातात घेऊन पाहावीत, जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून मूठ किती जाड हवी ते ठरवावे आणि एकदा मातीत चालवून पाहिल्यावरच खिळा ठोकावा. हे काम वैशाखातच सांगून ठेवलेले बरे. मृगाच्या तोंडावर लोहाराकडे फाळ आणि विळे घेऊन आलेल्यांची गर्दी असते.